एकोणीसचा पाना आणि ब्याडगीतलं वैर

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जुना आहे, लोखंडी आहे आणि रागावलेला आहे. एकोणीस नंबरचा रिंग पाना म्हणतात मला. मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा मोठा नट माझ्या तोंडात बरोबर बसतो. माझ्या जातीची जुनी अवजारं आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात म्हणे. मी पुसणार नाही. ज्यांच्यावर माझा राग आहे, त्यांची नावं घेऊन मी सांगणार आहे. त्यातला थोडा राग तुमच्यावरही आहे. स्वतःच्या गाडीची चेन तुम्ही शेवटची कधी हात लावून बघितलीत, ते सांगा पाहू. नाही ना आठवत? मग निमूट ऐका.

माझा जन्म जालंधरचा. एका लालभडक सळईला घणाखाली घातलं, साच्यात दाबलं, कडेचं फालतू लोखंड छाटलं आणि तशा तापलेल्या अंगानं मला तेलात बुडवलं. त्या तेलात जो चरका बसला, तो अजून अंगात आहे. माझ्या स्वभावाचं खापर हवं तर त्यावर फोडा.

तिथून मी हुबळीच्या लोखंड बाजारात आलो आणि राजेसाब नदाफ यांच्या हातात पडलो. ब्याडगीत मिरचीच्या बाजारपेठेला लागून त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक कडुनिंब. मिरचीच्या हंगामात सगळी ब्याडगी शिंकत असते. राजेसाब नाकाला फडकं बांधून काम करायचे. ते मला तोंडानं कधी शाबासकी द्यायचे नाहीत, पण काम झालं की मला आधी पुसायचे आणि मग आपले हात. मला तेवढं पुरत होतं.

त्यांच्या हाताखाली विरूपाक्ष अंगडी हा गडी अकरा वर्षं होता. त्याचं नाव घेताना माझ्या तोंडाला गंज चढतो, पण खोटं बोलणार नाही. त्याच्या हातात कसब होतं. डोळे मिटून नट कितीचा आहे ते सांगायचा. राजेसाबांची बायको हुसेनबी दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायची, ती संध्याकाळपर्यंत थांबायची. पाने देणं, तेल देणं, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकणं असं करता करता वीस वर्षांत ती सगळं शिकली. कुणी शिकवलं नव्हतं, आणि ती शिकली हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

एके दिवशी भर दुपारी, एका गाडीचं चाक काढत असताना राजेसाबांनी छातीवर हात दाबला आणि ते तिथेच बसले. पुन्हा उठले नाहीत. मी त्यांच्या उजव्या हातात होतो.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि दुसऱ्याच सकाळी विरूपाक्ष नवा सदरा घालून दारात उभा राहिला.

"वैनी, गॅरेजची किल्ली द्या," तो म्हणाला. "उस्तादांचं नाव मी चालवतो. तुमच्या वाट्याचं घरपोच येत जाईल."

"आणि मी काय करू?" हुसेनबीनं विचारलं.

"करायचं काय? घरात बसा. जोंधळ्याच्या रोट्ट्या भाजा. बाईमाणसानं काय चाकाखाली शिरायचं का आता?"

हुसेनबीनं फळीवरून मला उचललं. तिचा हात राजेसाबांपेक्षा लहान होता, पण पकड पक्की होती.

"किल्ली नाही मिळणार," ती म्हणाली. "पाना आहे. हवा असेल तर डोक्यात घालते."

विरूपाक्ष हसला. पण मी त्याच्या जवळच होतो, मला दिसलं. हसताना त्याचे दात घट्ट आवळलेले होते.

सहा महिन्यांत त्यानं रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोरासमोर दुकान थाटलं. पुढे मोठी काच, आत गुळगुळीत फरशी. गाडी वर उचलून धरणारा एक घोडा. नट ठरलेल्या जोरानं आवळला की 'कट्' असा आवाज देणारा एक लांब दांड्याचा पाना. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे एक यंत्र. ते मागच्या दातेरी चाकाला चिकटवायचं, की त्यातून लाल किरण निघायचा आणि चेनीवर सरळ रेघ पडायची. रेघ वाकडी दिसली तर चाक वाकडं. लोक बघायला गर्दी करायचे. पोरंसोरं नव्हे, मिशीवाले दलाल.

त्यानंतर त्यानं काचेवर कानडीत मोठा फलक लावला. तोंड आमच्या गॅरेजकडे. फलकावर असं लिहिलं होतं: 'सावधान! चेन सेट करायला खास अवजारं लागतात. साध्या पान्यानं सेट केलेली चेन जीव घेते.'

साधा पाना म्हणजे कोण? मीच की!

मित्रांनो, इथे थांबून मला एक गोष्ट तुमच्या टाळक्यात घालायची आहे. चेन सेट करायला काय लागतं ते हुसेनबीकडून शिका. ती गाडी डबल स्टँडवर घ्यायची आणि मागचं चाक हातानं सावकाश फिरवायची. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सगळ्यांत ताठ लागेल तिथे थांबायचं. खालच्या बाजूच्या चेनीला मधोमध धरून वरखाली करायचं. साधारण दोन बोटं खेळ हवा. जास्त असेल तर पिन काढून माझ्या तोंडानं मोठा नट सैल करायचा, आणि माझ्या धाकट्या भावानं, म्हणजे लहान पान्यानं, दोन्ही बाजूंचे ताणाचे नट सारखे फिरवायचे. चाकाजवळ दोन्हीकडे रेघा खोदलेल्या असतात. डावीकडे तिसरी रेघ तर उजवीकडेही तिसरी. मग मोठा नट गच्च आवळायचा आणि त्यातली पिन परत घालायची. चाक मागे सरकलं की ब्रेकची सळई ओढली जाते, म्हणून ब्रेकही पुन्हा जुळवायचा. झालं! दोन पाने, दोन डोळे, दोन बोटं. चेन तोडून नवी जोडायची असेल तर कडी काढायचं वेगळं हत्यार लागतं, ते हुसेनबीकडे होतंच. पण नुसती सेट करायला? छे!

मात्र या सगळ्याच्या आधी ती एक प्रश्न विचारायची. "काय वाहतोस?" गाडीवर ओझं पडलं की मागचा भाग खाली दबतो आणि चेन आपोआप ताणली जाते. रिकाम्या गाडीवर नेमकी दिसणारी चेन दोन पोत्यांखाली तारेसारखी ताठ होते. म्हणून मिरची वाहणाऱ्याला ती थोडी जास्त ढील द्यायची आणि दोन माणसं बसवून पुन्हा तपासायची.

विरूपाक्षालाही हे माहीत होतं. राजेसाबांनी त्याला माझ्यादेखत शिकवलं होतं.

फलक लागल्यावर गिऱ्हाईक पातळ झालं. हुसेनबी रोज मला पुसायची आणि वाट बघायची. एका सकाळी विरूपाक्ष दोन गिऱ्हाइकांना घेऊन रस्ता ओलांडून आला. मला बोट दाखवून म्हणाला, "हे बघा. याच पान्यावर चाललंय अजून. आजीच्या उखळात मसाला कुटल्यासारखं."

"गाडी आणली असलीस तर बोल," हुसेनबी म्हणाली. "नाहीतर तुझी सावली हलव. मला उजेड लागतो."

"वैनी, रागावू नका. उस्तादही असाच अंदाजानं काम करायचे. त्यांनी सेट केलेल्या किती चेनी तुटल्या ते मलाच ठाऊक. मी झाकलं म्हणून त्यांचं नाव राहिलं."

एवढं बोलून तो वळला आणि रस्ता ओलांडून आपल्या दारात पोचला. गेलेल्या माणसाबद्दल तो खोटं बोलला होता. तसली एकही चेन तुटली नव्हती. मी साक्षीला होतो. हुसेनबीनं मला मुठीत घट्ट धरलं. मग तिचा हात मागे गेला आणि मी हवेत होतो. मित्रांनो, आयुष्यात एकदाच उडालो, पण काय उडालो! रस्ता पार करून मी त्या मोठ्या काचेतून आरपार गेलो. तिचे हजार तुकडे झाले आणि मी लाल किरणाच्या यंत्राशेजारी जाऊन पडलो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पण त्याची शिक्षा मलाच झाली. विरूपाक्षानं मला परत दिलं नाही. "चौकीत जायचं तर जाऊ दे," त्यानं निरोप पाठवला, "काच कुणी फोडली तेही तिथे सांगू." मला तारेनं बांधून त्यानं भिंतीवर टांगलं आणि खाली चिठ्ठी लावली: 'जुन्या काळची वस्तू. हात लावू नये.' येणारा जाणारा वाचायचा आणि हसायचा. नवी काच बसली. तिच्यातून मला समोर हुसेनबी दिसायची. दुसराच कुठला तरी पाना तिच्या हातात असायचा. मी दोघांचाही द्वेष केला. त्या पान्याचा आणि या भिंतीचा.

त्या भिंतीवर मी सात आठवडे होतो. तिथेच मी ते बघितलं.

मंजप्पा बणकार हा माणूस खेड्यापाड्यांतून मिरची गोळा करून बाजारात आणायचा. मोटरसायकलच्या मागे त्यानं लोखंडी जाळी बसवली होती आणि चेनीवरचं झाकण काढून टाकलं होतं. हुसेनबीचं जुनं गिऱ्हाईक. तो एका दुपारी विरूपाक्षाच्या दुकानात शिरला. शिरताना मागे वळून समोर कुणी बघतंय का ते त्यानं दोनदा बघितलं.

"तीन दिवसांपूर्वी समोरच्या अक्काकडून चेन करून घेतली," तो हळू आवाजात म्हणाला. "पण खडखड वाजते. बाजारात सगळे हसतात. तुम्ही यंत्रावर लावून द्या. फक्त अक्काला कळू देऊ नका. तिला वाईट वाटेल."

विरूपाक्षाला काय आनंद झाला! त्यानं गाडी घोड्यावर घेतली, यंत्र लावलं, लाल रेघ पाडली. "ही बघ वैनींची कामगिरी," तो म्हणाला. "एवढ्या ढिलाईत गाय बांधता येईल." भिंतीवर कागद होता: 'जास्त ओझं वाहणाऱ्या गाडीला हमी मिळणार नाही.' मंजप्पानं तो वाचला आणि तोंड मिटलं. विरूपाक्षानं मागची जाळी बघितली. हो, बघितली. तिच्यावर हात ठेवूनच तो वाकला होता. पण विचारलं नाही. त्यानं चाक दोन रेघा मागे ओढलं आणि लांब पान्यानं नट आवळला. कट्! रेघ सरळ, नट पक्का, चेन शिस्तीत.

मी भिंतीवरून ओरडत होतो. पण पान्याला तोंडं दोन असली तरी आवाज एकही नसतो.

दोन दिवसांनी बाजार होता. मंजप्पा कदरमंडलगीच्या वाटेनं अडीच पोती घेऊन येत होता. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागून खाली दबली. चेनीला ताणायला जागाच नव्हती. ती तुटली, चाकात गोळा झाली आणि चाक जागेवर गच्च बसलं. मंजप्पाची मांडी मोडली. त्याला हावेरीच्या दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेवर लाल मिरची पसरली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको गिरिजव्वा मोडकी गाडी टेम्पोत घालून हुसेनबीच्या दारात आली. चाळीसेक माणसं मागे. काचेतून मला सगळं दिसत होतं, आणि तिचा आवाज तर अख्ख्या पेठेत ऐकू जात होता.

"ये बाहेर! ये की!" गिरिजव्वा किंचाळली. "तुझ्या नवऱ्याचं नाव सांगून माझ्या नवऱ्याची मांडी मोडलीस! येत नव्हतं तर कशाला हात लावलास?"

"कुठाय तो? शुद्धीवर आहे का?" हुसेनबीनं विचारलं.

"तुला काय करायचंय? मेला असता तर मातीला आली असतीस का? समोर एवढं मोठं लिहून ठेवलंय, साध्या पान्यानं जीव जातो म्हणून. मीच आंधळी! ह्यांना म्हणत होते, अक्काकडेच जा, गरीब बाई आहे."

"गरीब कुणाला म्हणतेस गं?" हुसेनबीचा आवाज चढला. मग तिनं स्वतःला आवरलं. "गाडी खाली घ्या. मला चाक बघू दे."

"आता काय बघता वैनी?" विरूपाक्ष हाताची घडी घालून रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता. "जे व्हायचं ते झालं. मी सांगून सांगून थकलो. आता तरी पाने भंगारात घाला."

हुसेनबी चाकाशेजारी मातीत बसली. तिनं फडक्यानं रेघांवरचं तेल पुसलं. डावी बाजू बघितली, उठून उजवी बघितली. मग मान खाली घालून ती पुन्हा चाकाशी वाकली. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "रडतीय बहुतेक."

ती रडत नव्हती. ती मोजत होती.

"मी हे चाक तिसऱ्या रेघेवर सोडलं होतं," ती उठत म्हणाली. "आता ते पाचव्या रेघेवर आहे. दोन्हीकडे केसाएवढाही फरक नाही. या दोन रेघा कुणी ओढल्या?"

"तुम्हीच. दुसरं कोण?" विरूपाक्ष म्हणाला. "मी तर या गाडीला हातही लावलेला नाही."

"नक्की?"

"देवाशप्पथ."

ज्या देवाची त्यानं शपथ घेतली, त्याचं चित्र माझ्याच भिंतीवर टांगलेलं होतं. त्यालाही माझ्याइतकंच सगळं दिसलं होतं.

हुसेनबी रस्ता ओलांडून सरळ त्याच्या दुकानात शिरली. सगळी गर्दी मागोमाग. तिनं भिंतीवरची तार सोडवून मला खाली घेतलं.

"वैनी, हात लावू नये असं लिहिलंय."

"वाचता येतं मला." तिनं मला पदराला पुसलं. सात आठवड्यांची धूळ. "कोट्रप्पा, तुझी गाडी मंजप्पाच्याच जातीची ना? आण इकडे."

कोट्रप्पा कोपऱ्यावर गिरमिट, म्हणजे मसालेदार चुरमुरे, आणि मिरची भजी विकायचा. त्याला भांडणापेक्षा आवडतं असं जगात काही नव्हतं. त्यानं कढई तशीच सोडून गाडी आणली.

"विरूपाक्षा, या गाडीची चेन तुझ्या यंत्रावर लावून दाखव," हुसेनबी म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुझ्या पद्धतीनं."

त्याला नाही म्हणता येईना, आणि म्हणायचंही नव्हतं. तो आनंदानं कामाला लागला. घोडा, यंत्र, लाल रेघ. लोक पुढे सरकले. रेघ सुतासारखी सरळ पडली. कट्! "बघा," तो म्हणाला, "याला म्हणतात काम."

"झालं?"

"झालं."

"आता दोन पोती आणा रे बाजारातून. कोट्रप्पा, तू बस वरती."

हमालांनी पोती आणून मागे बांधली. कोट्रप्पा बसला, तो एकटा दीड पोत्याएवढा होता. गाडी मागून कुरकुरत खाली गेली. हुसेनबी वाकली आणि माझ्या टोकानं तिनं खालची चेन छेडली.

टण्ण!

वीणेच्या तारेसारखा आवाज झाला. बोटभर सोडा, जोंधळ्याच्या दाण्याएवढाही खेळ त्या चेनीत नव्हता. गिरिजव्वा पुढे आली. तिनं स्वतःच्या बोटानं ती चेन दाबून बघितली. हलली नाही.

हुसेनबी विरूपाक्षाकडे वळली. "तुझं यंत्र खोटं नाही. चाक सरळ लावलंस तू. पण ओझं का नाही विचारलंस? उस्तादांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला?"

"प्रत्येकाला काय विचारत बसायचं?" तो एकदम उसळला. "माणसानं आपण होऊन सांगायला नको? त्यानं सांगितलं का मला, अडीच पोती लादणार आहे म्हणून? गपचूप करून द्या म्हणाला, मी..."

तो थांबला, पण उशीर झाला होता. कोट्रप्पा गाडीवरूनच म्हणाला, "आता देवाची शपथ कुठे ठेवायची, अंगडी?"

गिरिजव्वा त्याच्याकडे बघत राहिली. मग ती फरशीवर, त्या गुळगुळीत फरशीवर, थुंकली आणि बाहेर गेली. जाताना ती हुसेनबीची माफी मागेल असं मला वाटलं होतं. तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. राग इतका वाढलेला असतो तेव्हा त्याला एकदम वळवता येत नाही. मला हे लोखंडामुळे ठाऊक आहे.

विरूपाक्षानं फलक दोन दिवसांनी उतरवला. माफी त्यानंही मागितली नाही. त्याचं दुकान अजून आहे, चालतंही. पण आता तो गिऱ्हाइकाला ओझं विचारतो. रस्त्याच्या अलीकडे ऐकू येतं. विचारताना त्याचे दात तसेच आवळलेले असणार, मला खात्री आहे. हुसेनबी त्याच्याशी बोलत नाही. मीही त्याला विसरलेलो नाही. आणि ऐका, हुसेनबीनं मागच्या वर्षी 'कट्' आवाज करणारा तसलाच एक पाना विकत घेतला. म्हणाली, मोठा नट मापात आवळलेला बरा, चांगली गोष्ट शत्रूकडून आली तरी घ्यावी. तिनं त्याला माझ्याच फळीवर ठेवलंय. मी त्याच्याशी बोलत नाही.

पाच महिन्यांनी एका सकाळी ती दुरुस्त झालेली मोटरसायकल आमच्या दारात येऊन थांबली. चालवत होती गिरिजव्वा. पदर कमरेला खोचलेला, मागे एक पोतं, आणि पोत्याला टेकून काठी धरून बसलेला मंजप्पा. आता धंदा तीच बघत होती. तो काठी टेकत उतरला आणि खाली बघत म्हणाला, "अक्का, चूक माझी. मी त्याच दिवशी तुला सांगायला हवं होतं. शुद्धीवर आल्यावर तरी बोलायला हवं होतं. लाज वाटली. माफ कर."

"नाही करत," हुसेनबी म्हणाली.

मंजप्पाला वाटलं, ती थट्टा करते आहे. तो थोडा हसला.

"हसू नको. तू गप्प बसलास आणि चाळीस माणसं माझ्या दारात आली. माझ्या मेलेल्या माणसाचं नाव मातीत गेलं असतं. तुझी मांडी जुळली, बरं झालं, मला खरंच बरं वाटलं. पण माफ नाही करत. तिकडे बाकड्यावर बस."

तो जाऊन बसला. गिरिजव्वा हँडल धरून तशीच उभी होती. तिला वाटलं असावं की आता गाडी वळवून जावं. हुसेनबीनं चेनीकडे एक नजर टाकली आणि कपाळाला आठी घातली.

"ही कुणी लावली?"

"मीच," गिरिजव्वा पुटपुटली. "घरी. पक्कडनं."

"पक्कडनं! नटाच्या कडा खाल्ल्यास की सगळ्या." हुसेनबीनं गाडी स्टँडवर घेतली. मग मला उचललं आणि गिरिजव्वापुढे धरलं. "धर. पक्कड नटाला खाते, पाना धरतो. चाक फिरव आधी. सावकाश. जिथे ताठ लागेल तिथे थांब."

गिरिजव्वा मातीत बसली. तिच्या हाताला मिरचीचा वास होता. तिनं मला नटावर चढवलं आणि सगळा जीव लावून ओढलं. मी निसटलो, तिची बोटं सळईवर आपटली आणि तिनं मला अशी एक शिवी दिली, जी जालंधरच्या घणानंही दिली नव्हती.

"पुन्हा," हुसेनबी म्हणाली. "दांड्याच्या टोकाला धर. मधे नाही."

दुसऱ्यांदा नट हलला.

तेव्हा मित्रांनो, शेवटी सांगायचं ते सांगतो, आणि गोड करून सांगणार नाही. माफी हा माझ्या मापाचा नट नाही. तो माझ्याच्यानं सुटत नाही आणि आवळतही नाही. पण तुमच्या गाडीची चेन माझ्या मापात आहे. महिन्यातून एकदा तिच्याशेजारी खाली बसा. कपडे मळतील, मळू द्या. चाक फिरवा, बोट लावा, दोन्हीकडच्या रेघा बघा, आणि येत नसेल तर ज्याला येतं त्याला आपलं ओझं खरं सांगा, लाजू नका. खास अवजार नाही म्हणून काही अडत नाही. आणि काम झाल्यावर पाना पुसून ठेवा, आधी पाना आणि मग हात. गिरिजव्वानं त्या दिवशी आधी हात पुसले होते. हुसेनबीनं तिला तिथल्या तिथे पुन्हा खाली बसवलं आणि फडकं हातात दिलं.